रिफंडचे ४६ हजार आले, आता आधी कोणाचं तोंड बंद करायचं?

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्या आरोग्य विभागात कंत्राटी आहेत, महिन्याला ३७,५०० मानधन, त्यातून १० टक्के टीडीएस कापून हातात येतात ३३,७५०, तेही कधी दोन-दोन महिने थकते. रिटर्न भरलं होतं, या आठवड्यात खात्यात ४६,३५० रुपये रिफंड जमा झाला. घरी सासऱ्यांच्या नावावर सात एकर कोरडवाहू वावर, चार एकर सोयाबीन, तीन एकर पऱ्हाटी (कापूस), आणि सोयाबीन पावसानं निम्मं गेलं. देणं म्हणाल तर सोनाराकडे गळ्यातली पोत गहाण ठेवून घेतलेले २० हजार, शेकडा तीननं. कृषी केंद्राची उधारी ३८ हजार. बायांच्या गटाला कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीचे ३१ हजार बाकी. सोसायटीचं पीककर्ज ९० हजार. आता मालक, म्हणजे ताईंचे यजमान, म्हणतात यात थोडे टाकून बोअर मारू, बारावीतलं पोरगं म्हणते मोबाईल घेऊन दे, आणि सासरे म्हणतात आधी सोसायटी भरा, इज्जतीचा प्रश्न आहे. कोणाचं ऐकावं?

ताई, मी तालुक्याच्या गावी २२ वर्षांपासून रिटर्न भरून देतो आणि घरी सहा एकर वावर पण आहे, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं कळते. माझं उत्तर घरातल्या तिघांनाही आवडणार नाही बहुतेक. मी म्हणतो यातले पहिले १२ हजार बाजूला काढून ठेवा आणि कोणालाच देऊ नका, सोनारालाही नाही. का ते सांगतो, पण त्याआधी हा पैसा आला कुठून ते बघू, कारण अर्धी माणसं रिफंड म्हणजे सरकारनं काहीतरी दिलं असं समजून खर्च करतात.

तुमचं वर्षाचं मानधन साडेचार लाख, त्याच्या १० टक्के म्हणजे ४५ हजार. तुम्ही पगारी कर्मचारी नाही, तुमचं बिल प्रोफेशनल फी म्हणून निघते म्हणून ऑफिस सरसकट १० टक्के कापते, तुम्हाला टॅक्स लागतो की नाही हे ते बघत नाही. नव्या पद्धतीत २०२४-२५ सालासाठी ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट मिळून टॅक्स शून्य होता, म्हणून सगळेच्या सगळे ४५ हजार परत आले. वरचे १,३५० हे व्याज. वेळेत रिटर्न भरलं की एप्रिलपासून महिन्याला अर्धा टक्का धरतात, सहा महिन्यांचे तीन टक्के झाले. हे १,३५० पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवायचे असतात, तेवढं डायरीत लिहून ठेवा, लोक विसरतात आणि मग एआयएसमध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या उत्पन्नाच्या नोंदीत) दिसते की नोटीस येते.

म्हणजे महिन्याला ३,७५० रुपये तुमचेच सरकारकडे पडून होते, वर्षाला ६ टक्क्यांनी. आणि त्याच वर्षात तुम्ही सोनाराला शेकडा तीननं म्हणजे वर्षाला ३६ टक्के देत होता. हे गणित एकदा मालकांसमोर मांडा, बोअरचा विषय तिथंच थोडा थंड होईल.

एक गोष्ट मध्येच सांगून घेतो कारण आमच्या भागात सध्या याचा सुळसुळाट आहे. तुमचा रिफंड सरळ आहे, जेवढा टीडीएस फॉर्म २६ एएसमध्ये (तुमच्या नावावर किती कर कापला त्याच्या खात्याकडच्या नोंदीत) दिसते तेवढाच आला. पण लॅपटॉप घेऊन फिरणारे काही एजंट "सर तुमचे ८० हजार काढून देतो, २० टक्के माझे" म्हणून नोकरीवाल्यांच्या रिटर्नमध्ये खोटं घरभाडं, खोट्या देणग्या, नसलेली विमा पॉलिसी टाकून रिफंड काढतात. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्यानं देशभर दीडशे ठिकाणी अशाच खोट्या वजावटींवरून तपासणी केली. सापडलं तर टॅक्स, व्याज आणि वर टॅक्सच्या दुपटीपर्यंत दंड, आणि तो रिटर्नवर ज्याचं नाव त्याला, एजंट तोवर दुसऱ्या तालुक्यात गेलेला असते. कोणाचा असा रिफंड आला असेल तर त्यानं तो पैसा हातही न लावता ठेवावा आणि अपडेटेड रिटर्न भरून परत करावा, त्याची मुदत आता चार वर्षांपर्यंत वाढली आहे, जितका उशीर तितका जादा टॅक्स. आणि "रिफंड मंजूर, लिंक दाबा" असा मेसेज आला तर दाबू नका, रिफंड पोर्टलवर व्हॅलिडेट केलेल्या खात्यातच येते, त्याला ओटीपी-बिटीपी काही लागत नाही.

आता ते १२ हजार. सप्टेंबर-ऑक्टोबरचे हे सहा आठवडे आपल्याकडे सगळ्यात तंगीचे असतात, माल वावरात उभा आणि खिसा रिकामा. सोयाबीन सोंगणीचा ठोका (कापणीची ठरवलेली मजुरी) एकरी साडेतीन-चार हजार मागतात, पाऊस उघडला की सगळ्यांचं एकाच आठवड्यात निघते आणि मजूर मिळत नाही, मळणीचे वेगळे, पोत्यांचे वेगळे. हातात रोख नसलं की माणूस काय करते? थ्रेशरखालून निघालेला ओला माल तसाच बंडीत भरून खेडा खरेदीवाल्याला देऊन टाकते, कारण मजुरांना संध्याकाळी पैसे द्यायचे असतात. ओल्या मालाला व्यापारी साडेतीन हजाराच्या आतबाहेर मागते, आणि तोच माल चार दिवस अंगणात पाल (ताडपत्री) टाकून वाळवला, दाताखाली कट्ट आवाज आला पाहिजे इतका, की चार हजाराच्या वर जाते. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ होता, पण त्याला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागते, सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद लागते, नोंदणी लागते आणि पैसे यायला वेळ लागते. म्हणजे हमीभाव हा ज्याच्याकडे महिनाभर थांबायची ताकद आहे त्याच्यासाठीच आहे, हे खरं. तुमचं चार एकरात निम्मं गेलं म्हणता तर बारा क्विंटल तरी धरू. खुल्या बाजारातही क्विंटलमागे सहाशेचा फरक धरला तर ७,२०० रुपये झाले. १२ हजार महिनाभर हातात ठेवून ७,२०० वाचत असतील तर त्याच्यापुढे सोनाराचं व्याजही काहीच नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. २०१५ साली, ते दुष्काळाचं वर्ष होतं, मला स्वतःला २२ हजार रिफंड आला होता. मी मोठ्या हुशारीनं सगळेच्या सगळे सप्टेंबरमध्ये सोसायटीत भरून आलो, पावती शर्टाच्या खिशात, वडील पण खुश. ते कर्ज मार्चपर्यंत भरलं असतं तरी एक रुपया जास्त लागला नसता. पंधरा दिवसांनी कापूस वेचणीला बाया आल्या, सीतादही (वेचणी सुरू करतानाची पूजा) झाली, आणि आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी मजुरीचा चुकारा द्यायला माझ्याकडे काही नाही. एका व्यापाऱ्याकडून १५ हजार घेतले शेकडा चारनं, आणि त्याची अट अशी की कापूस मलाच द्यायचा. क्विंटलमागे अडीचशे कमी लावले त्यानं, आणि बोलायची सोय नव्हती. दुसऱ्यांना हिशोब शिकवणारा माणूस मी, बायको अजूनही टोमणे मारते.

तर सासऱ्यांना हे असं समजावून सांगा. सोसायटीचं ९० हजार दिसायला सगळ्यात मोठं आहे पण तुमच्या चारही देण्यांत तेच सगळ्यात स्वस्त आहे. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर मुदतीत भरणाऱ्याला केंद्राची सूट मिळून ४ टक्के पडते आणि वरून राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतून तेही माफ, म्हणजे शून्य. फक्त मुदत चुकवायची नाही, एक दिवस पण नाही, गटसचिवाला विचारून शेवटची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. ते सोयाबीन-कापसाच्या पैशातून भरायचं, रिफंडातून नाही. आणि गावात कोणी सांगत असेल "माफी येऊन राहिली, भरू नका" तर तुमच्या घरी ते लागू पडेलच असं नाही. २०१७ आणि २०१९ च्या दोन्ही कर्जमाफीत आयकर भरणारे आणि सरकारी नोकरीवाले वगळले होते. तुमचा टॅक्स शून्य आहे आणि वावर सासऱ्यांच्या नावावर आहे ते खरं, पण माफीच्या भरवशावर थकवून शून्य टक्क्याचं कर्ज घालवणं मला तरी पटत नाही. २०१९ च्या योजनेत नियमित भरणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळालं होतं हेही लोक विसरतात.

उरले ३४,३५०. यातून सोनार पूर्ण मोकळा करा. २० हजार आणि तीन महिन्यांचं व्याज १,८०० म्हणता, म्हणजे २१,८००. अर्धे देऊ नका, अर्धे दिले की पोत तिथंच राहते आणि व्याज पहिल्या दिवसापासून पूर्ण रकमेवरच लावलेलं निघते. महिन्याला ६०० रुपये लगेच वाचतील. खरं तर परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण ठेवून वर्षाला ९ टक्क्यांच्या वर घेता येत नाही, महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा आहे, आणि तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे करता येते. तुम्ही ३६ टक्के देताय. आता गावातला सोनार, चार पिढ्यांची ओळख, लगेच तक्रार करा असं मी म्हणत नाही, पण हा आकडा तुम्हाला माहीत आहे एवढं त्याला सहज बोलण्यात कळू द्या, एक महिन्याचं व्याज बहुतेक तोच सोडेल. पुढं कधी गरज पडलीच तर सोनं बँकेत ठेवा, तिथं वर्षाला जेवढं व्याज लागते तेवढं इथं तीन-चार महिन्यांत जाते आणि वजनाची पावती मिळते.

राहिले १२,५५०. इथं कृषी केंद्र की फायनान्स कंपनी हा प्रश्न आहे आणि दोन्हीचं व्याज जवळपास सारखंच, शेकडा दोन. मी कृषी केंद्राला आधी घेतो. फायनान्स कंपनीचा हप्ता ठरलेला आहे, २,१५० दर महिन्याला जाते, त्यात बोलणी होत नाही, चालू राहू द्या. हातात पैसे आले की ते कर्ज मुदतीआधी भरता येते आणि मायक्रोफायनान्सच्या कर्जाला त्यासाठी दंड लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे, वसुलीवाला काही का म्हणेना.

कृषी केंद्राचं मात्र तसं नाही. तिथं व्याजापेक्षा वाईट काय असते, तर माल त्याच्याच अडतीवर घालायचं बंधन. म्हणून १० हजार घेऊन जा आणि आधी वही उघडायला लावा. एकेक ओळ वाचा. युरियाची ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैसे, डीएपी १,३५० ला, बीटी कापसाचं पाकीट २०२५ साली ९०१ च्या वर विकता येत नव्हतं. तीन एकराला सहा पाकिटं घेतली असतील तर ५,४०६ झाले, वहीत ६,६०० लिहिलं असेल तर विचारा भाऊ हे काय आहे. बहुतेक ठिकाणी उधारीवाल्याला भाव पण चढा लावतात आणि वर व्याज पण घेतात, म्हणजे एकाच पैशावर दोनदा. मागच्या वर्षी माझ्याकडच्या एका गिऱ्हाईकानं अशीच वही वाचली तर चार फवारण्यांच्या औषधात एक डबा त्यानं घेतलेलाच नव्हता, शेजारच्याचा त्याच्या नावावर चढलेला. दुकानदारानं हसत हसत खोडला. तर रोख १० हजार काउंटरवर ठेवायचे, आणि म्हणायचं एवढे आता घ्या, सप्टेंबरपर्यंतचं व्याज सोडा, बाकी २८ हजार सोयाबीन विकल्यावर देतो पण माल आम्ही आमच्या मनानं विकू. तंगीच्या महिन्यात रोख दिसली की दुकानदार पण नरमते, त्यालाही कंपनीला पैसे भरायचे असतात. आणि पक्कं बिल आणि जमेची पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही.

आता खाली राहिले २,५५०. यात तुमचा आणि मालकांचा बँकेतला सरकारी विमा चालू आहे का बघा, जीवन ज्योती वर्षाला ४३६ आणि सुरक्षा विमा २० रुपये, दोन्हीत दोन-दोन लाखांचं कव्हर. जीवन ज्योतीला वय पन्नासच्या आत लागते, मध्येच घेतला तर प्रीमियम थोडा कमी पडते. फवारणी करणाऱ्या, रात्री ओलिताला जाणाऱ्या माणसाच्या घरी हे नसणं मला सहन होत नाही, विजेचा शॉक आणि साप हे काही पेपरातलं नाही राहिलं आपल्याकडे. मग सोळा-सतराशे राहतात ते दसऱ्याला खर्च करा, पोरांना कपडे घ्या, पुरण शिजवा, त्याचा हिशोब मला विचारू नका.

बोअरचं. मालकांना वाईट वाटेल पण कोरडवाहूत ४६ हजार टाकून सुरू केलेला बोअर ४६ हजारात थांबत नाही, खोली वाढते, केसिंग लागते, मोटर, केबल, पाइप, आणि पाणी लागलंच नाही तर खोलीचे पैसे द्यावेच लागतात. लहान पैशानं मोठं काम उघडायचं आणि बाकीचं व्याजानं उभं करायचं, माझ्याकडे येणारी बुडालेली खाती बघितली तर निम्म्यांची सुरुवात अशीच आहे. ट्रॅक्टरचं डाउन पेमेंट पण यातच आलं. पाणी लागते हे मान्य, पण ते सालभराचं प्लॅनिंग करून, अनुदानाची विहीर मिळते का ते पंचायत समितीत विचारून.

मोबाईलचं पोराला सांगा सोयाबीन विकल्यावर बघू. झिरो ईएमआयवर तर अजिबात नको, थकलेल्या मानधनात एक हप्ता हुकला की दंड सुरू.

ते १२ हजार ठेवायचे कुठं हा प्रश्न लहान वाटते पण तिथंच लोक फसतात. पगाराच्या खात्यात ठेवले तर फोनपेवर दहा-वीस करत महिन्यात संपतील. पोस्टात बचत खातं उघडा, ५०० रुपयांत उघडते, ४ टक्के व्याज, आणि त्याला फोनपे जोडू नका. सोसायटीचं पीककर्ज ज्या बँकेतून येते तिथल्या बचत खात्यात ठेवू नका, कर्ज थकलं की काही बँका खात्याला होल्ड लावतात आणि मग स्वतःच्याच पैशासाठी मॅनेजरच्या टेबलासमोर उभं राहावं लागते. पतसंस्था १२ टक्के देते म्हणून तिथं तर नकोच. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असते, पतसंस्थेला तो नाही, आणि आपल्या भागात पतसंस्थेबाहेर लागलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या रांगा आपण सगळ्यांनी बघितल्या आहेत. आणि हो, रिफंडचा आकडा गावात सांगू नका. माझ्या एका गिऱ्हाईकानं पानठेल्यावर सांगितला, तिसऱ्या दिवशी साळभाऊ घरी, पोरीच्या लग्नाला उसने.

कापूस निघाला की तो सरकी-ओलावा बघून वेगळा ठेवा, पहिल्या वेच्याचा आणि कवडीचा (डागी, किडका) एकत्र करू नका. सीसीआयचा (सरकारी कापूस महामंडळाचा) लांब धाग्याचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामात ८,११० होता, ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की कपात आणि १२ च्या वर घेतच नाहीत. कपास किसान ॲपवर नोंदणी करावी लागते, सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे तर नोंदणीही त्यांच्याच नावानं आणि पैसे त्यांच्याच आधार जोडलेल्या खात्यात, ते खातं चालू आहे का आजच बघा. सोयाबीनचे पैसे लगेच नको असतील पण भाव पडलेला असेल तर काही बाजार समित्यांत शेतमाल तारण योजना असते, माल गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत ६ टक्के दरानं सहा महिने पैसे मिळतात. सगळ्याच समित्या राबवत नाहीत, फोन करून विचारा. कापसाला ती नाही.

शेवटचं पुढच्या वर्षीचं. तुमच्यासारख्यांना शून्य किंवा कमी कपातीचा दाखला मिळतो आयकर खात्याकडून, ऑनलाइन अर्ज असते, ऑफिसचा टॅन नंबर (टीडीएस कापणाऱ्याचा नंबर) लागते, एप्रिल लागताच टाकायचा. १५ जी (टीडीएस कापू नका असं लिहून द्यायचा फॉर्म) भरून होईल असं तुमच्या ऑफिसातलं कोणी सांगत असेल तर ते बँकेच्या व्याजासाठी असते, मानधनाला चालत नाही. कागदाची कटकट आहे, एकदा-दोनदा क्वेरी येते, पण मिळाला तर महिन्याला ३,७५० हातात जास्त येतील आणि फायनान्स कंपनीचा २,१५० चा हप्ता त्यातच निघून जाईल. काही जण म्हणतात कापू द्या, वर्षाला एकरकमी येते, नाहीतर हातात उरलं नसतं. ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही त्यानं तसं म्हणावं.

मार्चनंतर २६ एएस काढून घेऊन या, अर्ज कसा टाकायचा ते दाखवतो. आणि सोनाराकडे जाल तेव्हा पोत हातात घेतल्या घेतल्या त्याच्याच काट्यावर वजन करून गहाण ठेवतानाच्या चिठ्ठीशी जुळवा, चिठ्ठी नसेल तर सासूबाईंना सोबत न्या, मणी किती होते ते त्यांना पाठ असेल.